टास्क मॅनेजरमधून प्रायॉरिटी 'हाय' केली की रेंडर खरंच लवकर होतं का?

पेठेतला_मिक्सर

मंडळी नमस्कार. कोल्हापुरात मंगळवार पेठेत घरातच लग्नाचं व्हिडिओ मिक्सिंग आणि अल्बम डिझाइनचं काम करतो. यंदा तिथी एकाला एक चिकटून आल्यात, पार्ट्या रोज फोन करून डोकं खातात. मशीन सहा वर्षं जुनं: आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, १ टीबीची साधी हार्डडिस्क, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. हळदीपासून वरातीपर्यंतची फाइल रेंडरला (सगळे तुकडे जोडून शेवटचा व्हिडिओ तयार करायला) लावली की दोन-अडीच तास बसून राहायचं.

भाच्यानं कुठला तरी व्हिडिओ बघून उपाय सांगितला. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप, डिटेल्स टॅब, प्रोग्रॅमवर राइट क्लिक, सेट प्रायॉरिटी. तिथं लो पासून रिअलटाइमपर्यंत सहा पर्याय. पोरगं म्हणालं, "मामा, हायबिय कशाला, डायरेक्ट रिअलटाइम. खटक्यावर बोट!" टाकलं. विंडोजनं इशारा दिला होता, पण आपण कधी वाचतोय? दहा मिनिटांत माउसचा बाण जाग्यावर थिजला. कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा पुढं सरकंना. शेवटी बटण दाबून मशीन बंद केलं, फाइल अर्धवट ती अर्धवटच.

तर प्रश्न असा: रिअलटाइम सोडा, 'हाय' केल्यानं वेळ वाचतो का? का ही नुसती हवा आहे? कुणी घड्याळ लावून बघितलंय का?

कटाचा_रस्सा

पहिला! रुमाल टाकून ठेवतो. मिसळ खाऊन येतो, मग वाचतो.

अर्धा_डबा

मी गेम खेळताना कायम हाय करतो. फरक पडतो म्हणजे पडतोच. आधी मधेच अडकायचा, आता लोण्यासारखा चालतो. ज्यांना पडत नाही त्यांनी नीट केलेलं नसतं.

ताराबाई_रोड

मिक्सर भाऊ, मी पंचवीस वर्षं कॉम्प्युटर शिकवलाय, त्यामुळं जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

अंबाबाईच्या देवळाचं उदाहरण घ्या. गाभारा एकच आणि तेवढाच. नवरात्रात रांग पार बाहेर लांबवर जाते, तेव्हा व्हीआयपी पास असला की तासन्‌तास वाचतात. आता श्रावण उलटल्यावरच्या एखाद्या मंगळवारी दुपारी तोच पास घेऊन जा. रांगच नाही, तर पास दाखवून काय वाचणार? गाभारा मोठा होत नाही आणि तुमचं दर्शनही आधी होत नाही.

प्रायॉरिटी म्हणजे तो पास. प्रोसेसर एक, कामं अनेक. कुणाला आधी आत सोडायचं एवढंच ती ठरवते. प्रोसेसरचा वेग तिनं वाढत नाही. तुम्ही रेंडर लावून चहा प्यायला गेलात, मशीनवर दुसरं जड काम नाही, तर प्रोसेसर तसाही सगळा वेळ रेंडरलाच देतोय. त्याला आणखी कुठून आणून देणार?

आणि तिसरी गंमत. गाभाऱ्याचं दार आरतीसाठी बंद असेल तर पासवालाही उभाच राहतो. प्रोग्रॅम हार्डडिस्ककडून फाइल यायची वाट बघत असेल तर तो प्रोसेसरच्या रांगेत नसतोच मुळी. तिथं हाय काय आणि लो काय.

जुना_टायपिस्ट

काकू, दंडवत. वाचनखूण साठवली.

अर्धा_डबा

@ताराबाई_रोड मग माझा गेम कसा सुधारला? देवीचा प्रसाद का?

ताराबाई_रोड

तुझ्या मशीनवर रांग असणार, बाळा. मागं अँटिव्हायरसचं स्कॅन, ब्राउझरचे पन्नास टॅब, कसला तरी अपडेट. रांग आहे तिथं पास चालतो, हे मी वर लिहिलंच आहे. प्रतिसाद पूर्ण वाचायची प्रायॉरिटी जरा वाढव. (हलकं घ्या.)

शून्यातून_एक

काकूंना +१, थोडी भर घालतो. पुण्यात कॉम्प्युटरच्याच कामात आहे, मूळचा शाहूपुरीचा.

विंडोजमध्ये आतून ० ते ३१ अशा पायऱ्या आहेत. टास्क मॅनेजरमधली नावं म्हणजे त्यातले पायाचे आकडे: लो ४, बिलो नॉर्मल ६, नॉर्मल ८, अबव्ह नॉर्मल १०, हाय १३ आणि रिअलटाइम थेट २४. १६ पासून वरचा मजला वेगळा आहे. तिथं बसलेलं काम विंडोजच्या स्वतःच्या बऱ्याच कामांनाही मागं ढकलतं. मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत सरळ लिहिलंय की रिअलटाइमवालं काम जरा जास्त वेळ चाललं तर डिस्कवर लिहायचं राहून जाऊ शकतं आणि माउस प्रतिसाद देईनासा होऊ शकतो. मिक्सरदादांनी नेमकं तेच करून दाखवलं. रेंडर म्हणजे प्रोसेसरचे सगळे कोअर (आतले राबणारे भाग) तासभर पिळणारं काम. त्याला त्या मजल्यावर बसवलं की माउस बिचारा खाली उभा.

विंडोज तसं दयाळू आहे. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला आलं की कुणाची परवानगी न घेता उघडतात ना, तसं साधारण चार सेकंद ताटकळलेलं काम दिसलं की विंडोज त्याला घटकाभर १५ च्या पायरीवर नेतं, म्हणजे अगदीच उपाशी मरू नये. पण समोर २४ वाला बसला असेल तर १५ घेऊन काय करायचं!

गोकुळ_शिरगाव_फेरी

मी मागं एकदा रिअलटाइम केलं होतं, मला तर काहीच झालं नाही. ना फायदा ना तोटा. मशीन भारी आहे म्हणून का?

शून्यातून_एक

@गोकुळ_शिरगाव_फेरी नाही. टास्क मॅनेजर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडला नसेल तर विंडोज गपचूप 'हाय'च लावतं. पुन्हा राइट क्लिक करून बघा, टिकमार्क हायसमोर दिसेल. तुमचं नशीब समजा.

कटाचा_रस्सा

आलो. मिसळ बरी होती, पण कट पुन्हा मागितला तर भाऊ म्हणाला थांबा. तिथंच प्रायॉरिटी कळली.

पांढरा_आधी

कुठली मिसळ? नाव सांगू नका, खुणेनं सांगा.

कटाचा_रस्सा

खासबागेपासून चालत पाच मिनिटं. ब्रेडबरोबर. पाव मागाल तर कोल्हापूरचे नाही हे लगेच कळतं.

जुना_टायपिस्ट

झालं. धागा रस्त्यावर आला.

रंकाळा_रात्री

त्यापेक्षा कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शनला जाऊन 'हाय परफॉर्मन्स' करा, सोपं आहे. तीच प्रायॉरिटी.

शून्यातून_एक

ती वेगळी गोष्ट. पॉवर प्लॅन प्रोसेसरनं किती जोरात पळायचं ते ठरवतो, प्रायॉरिटी आधी कुणाला घ्यायचं ते. लॅपटॉप बॅटरीवर असेल तर पॉवर प्लॅननं खरंच फरक दिसतो. मात्र मे महिन्यात पंख्यात धूळ बसलेला लॅपटॉप गरम होऊन स्वतःहूनच वेग उतरवतो, तेव्हा ब्रश घेऊन धूळ काढणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

उद्यमनगरी

सगळे 'रिअलटाइम'ला शिव्या देताय म्हणून लिहालोय. शब्दाचा अर्थच लोकांना उलटा कळलाय. रिअलटाइम म्हणजे फास्ट न्हवं. रिअलटाइम म्हणजे वेळेवर.

आमच्या शेडमध्ये लाकूडकामाचा एक सीएनसी राउटर (कॉम्प्युटरच्या हुकमावर नक्षी कोरणारं मशीन) आहे, जुन्या पीसीच्या पॅरलल पोर्टवर, म्हणजे पूर्वी प्रिंटर जोडायचे त्या खाचेवर चालणारा. पीसीतनं स्टेपर मोटरला पल्स (विजेचे ठोके) जातात, एका ठोक्याला मोटर एक पाऊल फिरते. पल्स सरासरी किती फास्ट गेल्या याला काय किंमत नाही. लाखात एक पल्स उशिरा गेली तरी मोटर एक स्टेप खाते, नक्षी तेवढी सरकते, आणि सागवानाची फळी भंगारात. पहिल्यांदा मी पण शहाणपणा केलेला. साधं विंडोज, कंट्रोलचा प्रोग्रॅम हायवर, आणि त्याच मशीनवर कामगारानं गाणी लावलेली. देवघराचा दरवाजा होता. महिरप अशी वाकडी आली की गिऱ्हाईक म्हणालं, देव बाहेर पडतील.

नंतर लिनक्ससीएनसी, म्हणजे लिनक्स प्रणालीवर असली मशीनं चालवायचं सॉफ्टवेअर, टाकलं. त्यात लेटन्सी टेस्ट (उशीर मोजायची चाचणी) असते. ती चालू ठेवायची आणि मुद्दाम मशीनला त्रास द्यायचा. खिडक्या गदागदा हलवा, मोठ्या फाइली कॉपी करा, ब्राउझर उघडा. ती सरासरी दाखवून खूश करत नाही, सगळ्यात वाईट उशीर किती झाला तो सांगते. साधारण १५-२० मायक्रोसेकंदांच्या आत असला तर झकास, १०० च्या वर गेला तर त्या पीसीला पॅरलल पोर्टच्या कामातनं सुट्टी द्या. आमचा एक महागातला पीसी नापास झाला आणि भंगारातनं आणलेला ऑफिसचा डबा पास. प्रोसेसरच्या वेगाचा यात संबंध कमीच.

तेव्हा रिअलटाइम वाईट नाही भावा. ते वेल्डिंग मशीन आहे, तू त्याच्यावर चहा उकळायला गेलास.

पेठेतला_मिक्सर

@उद्यमनगरी 😂 मान्य. चहा उकळला नाहीच, भांडं मात्र जळलं.

निवृत्त_पाटी

वरचा प्रतिसाद वाचून मंगळ आठवला. (मंगळवार पेठ नव्हे, ग्रह.)

४ जुलै १९९७ ला नासाचं पाथफाइंडर मंगळावर उतरलं. काही दिवसांनी त्यावरचा संगणक मधेच आपोआप रीसेट व्हायला लागला. कारण प्रायॉरिटीचंच निघालं. हवामानाची नोंद करणारं एक कमी प्रायॉरिटीचं काम होतं. ते एका सामायिक गोष्टीला कुलूप लावून वापरायचं. तेच कुलूप बऱ्याच वरच्या प्रायॉरिटीच्या एका कामालाही लागायचं. आणि या दोघांच्या मधल्या प्रायॉरिटीची, बराच वेळ चालणारी कामं होती.

आता महाद्वार रोडकडं निघणाऱ्या एखाद्या बोळाची कल्पना करा. बोळात हातगाडी अडकलीय, तिच्यामागं मंत्र्याची गाडी. हातगाडीवाला बाहेर पडायला तयार आहे, पण तोंडाशी हवालदार म्हणतो, थांब, आधी केएमटीच्या बसेस जाऊ देत, त्या तुझ्यापेक्षा महत्त्वाच्या. झालं! बसेस संपेनात, हातगाडी निघेना आणि मंत्री बसला बोळात. त्याची प्रायॉरिटी सगळ्यात वर, पण अडला केएमटीमुळं. पाथफाइंडरवर पहारा ठेवणाऱ्या घड्याळाला दिसलं की वरचं काम वेळेत झालेलं नाही, की ते अख्खी यंत्रणा रीसेट करायचं.

उपाय असा केला की हातगाडी मंत्र्याच्या वाटेत आहे तोवर तिलाच मंत्र्याचा मान द्यायचा. याला प्रायॉरिटी इनहेरिटन्स म्हणतात. ती सोय पाथफाइंडरवरच्या व्हीएक्सवर्क्स प्रणालीत आधीपासून होती, तिथं ती बंद ठेवली गेली होती. पृथ्वीवरून चालू केली आणि रीसेट थांबले.

सांगायचा मुद्दा, एकाची प्रायॉरिटी वाढवली म्हणजे तो सुटला असं होत नाही. तो ज्याच्यामागं अडकलाय त्याचं काय, ते बघावं लागतं.

पांढरा_आधी

सर, मंत्र्याला बोळात बसवल्याबद्दल तुमचा सत्कार व्हायला पाहिजे.

सर्व्हर_सोवळं

लिनक्सवाले कुठं गेले सगळे? आमच्यात हे उलटं आणि जास्त सभ्य आहे. आकड्याचं नावच 'नाइस'. -२० पासून १९ पर्यंत. आकडा जेवढा मोठा, तेवढं काम सज्जन, दुसऱ्यांना वाट देणारं. साध्या वापरकर्त्याला आपलं काम सज्जन करायची मोकळीक आहे, दांडगट करायचं तर रूट (मशीनचा मुख्य मालक) लागतो. समाजात पण असंच पाहिजे होतं.

मी रात्रीचा बॅकअप नाइस १९ वर टाकतो आणि वर आयओनाइस लावतो, कारण नाइस प्रोसेसरचं बघतो, डिस्कची रांग वेगळी. बॅकअप चालू असताना कुणाचाही फोन येत नाही. दहा वर्षांत मी एकाही कामाची प्रायॉरिटी *वाढवलेली* नाही. लागलीच नाही कधी.

मिक्सरदादा, तुम्ही चुकीच्या बाजूनं बघताय असं माझं मत. रेंडर वर नेऊ नका, खाली न्या. रेंडर 'बिलो नॉर्मल' करा आणि शेजारी अल्बमचं काम चालू ठेवा. माउस मऊ चालेल. तुमच्या हातांच्या मधल्या फटीतला वेळ रेंडर खात राहील, आणि तो वेळ तुम्हाला वाटतो त्यापेक्षा खूप असतो. माणूस विचार करतो तेवढ्यात प्रोसेसर अब्जावधी सूचना उरकतो.

अर्धा_डबा

म्हणजे लवकर व्हावं म्हणून कमी करायचं? हे म्हणजे गाडी पळवायला ब्रेक दाबा.

सर्व्हर_सोवळं

@अर्धा_डबा रेंडर लवकर होईल असं म्हटलंच नाही मी. *दादांचा दिवस* लवकर संपेल.

रंकाळा_रात्री

सहमत नाही. पार्टी दारात उभी असताना मला अल्बम करायचा नसतो, फाइल पाहिजे असते. तेव्हा हायच.

शून्यातून_एक

मग बाकीचं सगळं बंद करा, तोच खरा हाय. एक बारकावा सांगतो, हा बहुतेकांना माहीत नसतो. बरेच एडिटिंग प्रोग्रॅम एक्स्पोर्टच्या वेळी दुसराच प्रोग्रॅम मागं चालू करतात आणि खरी मेहनत तो करतो. विंडोजचा नियम असा की वरच्याला हाय केलं तरी त्यानं नंतर जन्माला घातलेलं पोरगं, वेगळं सांगितलं नसेल तर, नॉर्मलवरच सुरू होतं. पण बापाला लो किंवा बिलो नॉर्मल केलं असेल तर ते मात्र पोराला वारशानं मिळतं. म्हणजे बऱ्याच जणांनी हाय केलेलं असतं ती नुसती खिडकी. राबणारा मागं नॉर्मलवरच असतो.

ताराबाई_रोड

श्रीमंती वारशानं येत नाही, गरिबी येते. विंडोज लिहिणारा आपल्याकडंच राहिलेला दिसतो.

जुना_टायपिस्ट

काकू 🙏

पेठेतला_मिक्सर

मंडळी, रविवारी तिथी नव्हती, घड्याळ लावून बसलो. वीस मिनिटांचा तुकडा, तोच तोच, प्रत्येक वेळी मशीन रीस्टार्ट करून. ब्राउझर आणि अल्बमचा प्रोग्रॅम रोजच्यासारखा उघडाच ठेवला.

नॉर्मल: ३८ मिनिटं १० सेकंद. हाय: ३८ मिनिटं २ सेकंद. बिलो नॉर्मल: ३८ मिनिटं २५ सेकंद.

आठ सेकंदांसाठी मी मशीन आपटून बंद केलेलं! मग @ताराबाई_रोड यांचं गाभाऱ्याचं दार आठवलं आणि परफॉर्मन्स टॅब उघडून बघितला. प्रोसेसर पन्नास-पंचावन्न टक्क्यांवर आरामात, डिस्क सलग १०० टक्के. रॅम काठोकाठ. म्हणजे प्रोसेसर वाट बघालाय आणि मी त्याला सांगालोय आधी हे कर.

ब्राउझर आणि अल्बम बंद केला: ३१ मिनिटं. भाच्याच्या लॅपटॉपमधली जुनी एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क) काढून लावली, शूटिंगच्या फाइली आणि पेजफाइल (रॅम भरली की विंडोज वापरतं ती डिस्कवरची जागा) तिच्यावर टाकली: २३ मिनिटं. आता प्रोसेसर नव्वदच्या वर पळतोय.

@शून्यातून_एक यांचं पण खरं निघालं. डिटेल्समध्ये एक्स्पोर्टच्या वेळी नवीनच नाव वर येतंय, आणि ते नॉर्मलवरच होतं. मी हाय केलेला निवांत बसलेला.

उद्यमनगरी

वाह. मोजलंस, हे बेस्ट केलंस. आता हार्डवेअर एन्कोडिंगची टिक शोध एक्स्पोर्टमध्ये. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरात व्हिडिओ बनवायचा वेगळा भाग असतोय, क्विक सिंक म्हणत्यात. ग्राफिक कार्ड नसलं तरी चालतंय.

पेठेतला_मिक्सर

केलं. ११ मिनिटं!! पण त्याच बिटरेटला (व्हिडिओच्या दर सेकंदाला किती डेटा, तो आकडा) शालूच्या जरीवर थोडी खरखर दिसाली. बिटरेट वाढवून बघितला, फाइल मोठी होतीय पण चित्र चालण्यासारखं. पार्टीला मोबाइलवर पाठवायला हे, आणि पेनड्राइव्हवर द्यायची मोठी फाइल जुन्याच पद्धतीनं, असं ठरवलंय.

ती मोठी फाइल आता बिलो नॉर्मलवर टाकून शेजारी अल्बम करतोय. @सर्व्हर_सोवळं, काल एक्स्पोर्ट संपल्याचा आवाज आला तेव्हा दचकलो, चालू आहे हेच विसरलेलो. फक्त प्रोग्रॅम बंद करून उघडला की प्रायॉरिटी परत नॉर्मल. दरवेळी टास्क मॅनेजरात जायचं का?

शून्यातून_एक

नाही. नोटपॅडमध्ये एका ओळीची बॅच फाइल करा. 'स्टार्ट', मग रिकामी दुहेरी अवतरणचिन्हं, मग तिरपी रेघ देऊन सलग 'बिलोनॉर्मल', मग प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता अवतरणचिन्हांत. अर्थात सगळं इंग्रजी अक्षरांत. रिकामी अवतरणचिन्हं विसरू नका, नाहीतर विंडोज पत्त्यालाच खिडकीचं शीर्षक समजतं आणि प्रोग्रॅम न उघडता काळी खिडकी देतं. त्या फाइलवरून प्रोग्रॅम उघडला की मागचं पोरगंही खालीच राहील.

अर्धा_डबा

मी पण आज मोजलं. ब्राउझर बंद करून नॉर्मलवर खेळलो. हायएवढाच चालतोय. काकूंना सांगू नका.

ताराबाई_रोड

वाचलं.

कटाचा_रस्सा

@पेठेतला_मिक्सर भाच्याची एसएसडी काढलीत, मग त्याचा लॅपटॉप?

पेठेतला_मिक्सर

त्यात माझी जुनी हार्डडिस्क घातलीय. सकाळी चालू केलाय, अजून सुरू व्हालाय.